दायमाबादचं टेकाड कसं तयार झालं, आणि गावाबाहेरच्या पांढरीची माती का उचलू नये

प्रश्नात तीन गोष्टी विचारल्यात. दायमाबादचं टेकाड नैसर्गिक आहे की माणसामुळे झालेलं, तिथे हजारावर वर्षं वस्ती होती हे कशावरून ठरवलं, आणि विचारणाऱ्यांच्या गावाबाहेर नदीकाठी जी जुनी पांढर (ओस पडलेल्या वस्तीचं टेकाड) आहे तिची माती लोक ट्रॅक्टरनं शेतात नेतात त्यानं खरंच काही बिघडतं का. मी दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हीची हत्यारं वापरणाऱ्या काळातल्या, साइट्सवर उत्खननाचं काम करतो. माझ्या दृष्टीनं तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, पण पहिल्या दोन गोष्टी नीट कळल्याशिवाय त्याचं उत्तर पटणार नाही म्हणून उत्तर लांबणार आहे.

दायमाबाद श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या डाव्या काठावर. खाली काळी माती, आणि तिच्यावर साधारण पाच मीटर जाडीचा जो ढीग आहे तो सगळा माणसाच्या राहण्यामुळे साचलेला. कुणी मुद्दाम रचलेला नाही. माणूस मातीच्या घरात राहतो तेव्हा काय होतं बघा: कुडाची नाहीतर मातीची भिंत, वर गवताचं छप्पर, आत चोपून सारवलेली जमीन. जमीन दर थोड्या दिवसांनी परत सारवली जाते, खचली की वर मुरूम नाहीतर माती टाकून नवी केली जाते. चुलीची राख दाराबाहेर पडते, फुटलेली मडकी, हाडं, दगडाची पाती काढताना उडालेल्या ढलप्या, जनावरांचं शेण सगळं तिथल्या तिथेच. एखादं घर जळतं किंवा पावसात बसतं, मग तो ढिगारा उचलून दुसरीकडे कोण नेणार, तोच सपाट करतात आणि वर नवं घर उभं राहतं. असं पिढ्यान् पिढ्या. राख आणि चुन्याच्या अंशामुळे ही माती करडी-पांढरी दिसते, आजूबाजूच्या काळ्या रानात लांबून ओळखू येते, म्हणून गावोगाव लोक तिला पांढर म्हणतात.

पाच मीटर आणि साधारण बाराशे वर्षं, म्हणजे सरासरी वर्षाला जेमतेम चार मिलिमीटर. पण ही सरासरी फारशी कामाची नाही कारण एक घर पेटलं तर एका रात्रीत वीतभर थर पडतो आणि नंतर पन्नास वर्षं नुसती सारवणाची कागदासारखी पातळ पुटं चढत राहतात. पश्चिम आशियातली टेकाडं, उदाहरणार्थ जेरिकोचं, वीस मीटरच्या पुढे जातात ते बघून काही जण आपल्याकडच्या टेकाडांना किरकोळ समजतात. तसं नाहीये. तिकडे जाड कच्च्या विटांच्या भिंती पडून पडून उंची वाढली आणि वस्ती कितीतरी हजार वर्षं होती, आपल्याकडे घरं हलकी, कूड आणि गवताची, त्यांचा ढिगाराच थोडा होतो, त्यात चार महिने पाऊस कडा धुवून नेतो. त्यामुळे दख्खनमध्ये पाच मीटर म्हणजे भरपूर मोठा दस्तऐवज आहे.

आता थर. १९५८ मध्ये बी. पी. बोपर्डीकरांनी ही साइट शोधली, लगेच १९५८-५९ मध्ये म. न. देशपांडे यांनी उत्खनन केलं, मग १९७४-७५ मध्ये एस. आर. राव (लोथल खणणारे तेच) आणि १९७५ ते १९७९ असे सलग काही हंगाम एस. ए. साळी. सगळं काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं. साळींच्या उत्खननातून जो क्रम पक्का झाला तो खालून वर असा.

अगदी तळाला, काळ्या मातीच्या वर, सावळदा संस्कृतीची वस्ती. तापी खोऱ्यातल्या सावळद्याच्या नावावरून हे नाव पडलं, काळ साधारण इ.स.पू. २२०० ते २०००. महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांपैकी हे लोक. त्यांच्यावर उत्तर हडप्पा काळाचा, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या शेवटच्या टप्प्याचा थर, इ.स.पू. २००० ते १८००, आणि इथे दायमाबाद एकदम वेगळं ठरतं. सिंधू लिपीची चिन्हं असलेल्या मातीच्या दोन मुद्रा, चिन्हं कोरलेली काही खापरं, कच्च्या विटा लावून बांधलेली एक कबर, आणि त्या विटांचं प्रमाण ४:२:१, म्हणजे हडप्पाच्या लोकांचं नेहमीचंच. प्रवरेच्या काठी! सिंधू संस्कृतीची दक्षिणेकडची टोकाची वस्ती म्हणून पुस्तकात दायमाबादचं नाव येतं ते या थरामुळे. त्यावर खुद्द दायमाबादच्याच नावानं ओळखली जाणारी संस्कृती, १८०० ते १६००, पिवळसर-मलईच्या रंगाच्या भांड्यांवर काळी नक्षी हे तिचं लक्षण. मग माळवा संस्कृतीचे लोक, १६०० ते १४००, ऐसपैस चौकोनी घरं. आणि सगळ्यात वर जोर्वे, १४०० ते १०००. जोर्वे हे गाव संगमनेर तालुक्यात, त्याच प्रवरेवर, तिथे १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी खणलं तेव्हा ही लालसर, पातळ, टणक भांडी पहिल्यांदा नीट ओळखली गेली. जोर्वे काळात दायमाबाद सगळ्यात मोठं झालं होतं, वीस हेक्टरच्या वर पसारा, भोवती मातीची तटबंदी आणि तिला बुरूज, आत कुंभारांच्या भट्ट्या. जोर्वेची गावं महाराष्ट्रात शेकड्यानं आहेत, बहुतेक एक-दोन हेक्टरची, त्यात हे गाव म्हणजे बाजारपेठेचं मोठं ठिकाण असणार असं माझं मत आहे.

हे सगळं वाचायला सोपं वाटतं, पाच संस्कृती एकीवर एक, जणू उतरंड रचलीय. प्रत्यक्षात ट्रेंचमध्ये, म्हणजे उत्खननाच्या चरात, उतरलं की कळतं किती गुंता असतो. कारण माणसं नुसती वर रचत नाहीत, खालीही खणतात. जोर्वेच्या बाईनं धान्यासाठी बळद खणलं ते खालच्या माळवा थरात घुसलं, पुढे ते बळद पडीक झाल्यावर त्यात कचरा भरला, म्हणजे आता माळवा थराच्या पातळीवर जोर्वेची खापरं बसलीत. नुसती खोली मोजून कोण म्हणेल की दोन मीटर खाली सापडलं म्हणजे जुनं, तर साफ चुकेल. उंदराची बिळं असतात, बाभळीची मुळं पोकळ होऊन वरची माती खाली उतरते. म्हणून आम्ही ट्रेंचची उभी भिंत, तिला सेक्शन म्हणतो, करणीनं तासून अगदी गुळगुळीत करतो, त्यावर हलकं पाणी मारतो आणि मग रंगाच्या रेषा बघत बसतो. खड्ड्याचा काठ कुठून सुरू होतो हे त्या रेषेत दिसतं. खड्डा ज्या जमिनीवरून खणला गेला त्या जमिनीचा तो, तळ कितीही खाली जावो.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण लहान मुलांच्या दफनांचं. ताम्रपाषाणयुगात लहान मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात त्याला ठेवायचे आणि घराच्याच जमिनीखाली आडवं पुरायचे. नेवासा, दायमाबाद, इनामगाव सगळीकडे हे दिसतं. आता हा जोडकुंभ ज्या मातीत सापडतो ती माती त्याच्यापेक्षा जुनी असते, शे-दोनशे वर्षांनीही. त्या मुलाचं घर कुठलं, ते कुठल्या पिढीचं, त्या वर्षांत पिकं कशी होती, हे सगळं फक्त एका गोष्टीवर ठरतं की तो खड्डा कुठल्या सारवलेल्या जमिनीतून खाली गेलाय. सारवणाचं ते दोन मिलिमीटरचं पुट तुटलं की मूल कुणाचं ते कायमचं हरवलं. काम करताना मला सगळ्यात जास्त धाकधूक या पुटांची असते, सोनं-तांबं राहिलं बाजूला.

आणि इथेच दायमाबादच्या त्या प्रसिद्ध ब्राँझच्या वस्तूंबद्दल बोलायला हवं. १९७४ मध्ये तिथल्या एका शेतकऱ्याला झुडपाचं मूळ खणताना चार भरीव ओतीव वस्तू सापडल्या. दोन बैल जुंपलेला रथ, साधारण ४५ सेंटीमीटर लांब, त्यात उभा माणूस १६ सेंटीमीटरचा आणि दांडीवर चक्क एक कुत्रा. शिवाय रेडा, हत्ती आणि गेंडा, रेडा आणि हत्ती चौथऱ्यांवर उभे, रेड्याच्या आणि गेंड्याच्या खाली चाकंही आहेत. भारतात त्या काळच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या धातूच्या वस्तूंमध्ये यांच्या तोडीचं फारच थोडं आहे, फोटो शाळेच्या पुस्तकापासून सगळीकडे बघितला असेल.

पण त्या नेमक्या कधीच्या? यावर आजही एकमत नाही. देशपांडे, राव आणि साळी तिघांनीही परिस्थितीजन्य पुराव्यावरून त्या उत्तर हडप्पा काळात टाकल्या. डी. पी. अग्रवालांनी धातूचं पृथक्करण बघून वेगळा मुद्दा मांडला, की यात आर्सेनिक एक टक्क्याच्या वर आहे, आणि ताम्रपाषाणयुगातल्या बाकीच्या वस्तूंत असा मिश्रधातू दिसत नाही, म्हणजे या बऱ्याच नंतरच्या, अगदी ऐतिहासिक काळातल्याही असू शकतात. फरक शंभर-दोनशे वर्षांचा नाही, हजार-दीड हजार वर्षांचा. दोन्ही बाजूला मोठी माणसं, आणि वाद मिटवणारी एकच गोष्ट होती, त्या वस्तूंभोवतीची माती. खड्डा कुठल्या थरातून खणला होता, सोबत कुठलं खापर होतं, कोळशाचा एखादा तुकडा होता का. ती माती मूळ काढताना उकरली गेली आणि संपलं. त्या शेतकऱ्याचा यात काडीचाही दोष नाही, तो आपलं रोजचं काम करत होता, उलट वस्तू वितळवून टाकल्या गेल्या नाहीत हेच देशाचं नशीब.

आता याच्या शेजारी ती विटांची कबर ठेवून बघा. तिच्यात बघणाऱ्याचे डोळे दिपतील असं काही नाही. पण ती तिच्या थरात सापडली, त्यामुळे तिच्या काळाबद्दल कुणी भांडत नाही आणि दायमाबादचं हडप्पाशी नातं तिच्यावर आणि त्या दोन छोट्या मुद्रांवर उभं आहे, रथावर नाही. मला या उत्तरात खरं सांगायचंय ते एवढंच आहे: टेकाडातली वस्तू जागेवर असते तोवर पुरावा असते, जागा सुटली की फक्त वस्तू राहते.

लोक दायमाबाद सोडून का गेले, हाही प्रश्न ओघानं येतोच. इ.स.पू. १००० च्या आसपास दायमाबाद ओस पडलं, आणि एकटं दायमाबाद नाही, प्रवरा-गोदावरी भागातली बहुतेक जोर्वे गावं त्याच सुमाराला उठली. पुढचं काय झालं ते भीमेच्या खोऱ्यात दिसतं, शिरूर तालुक्यातल्या इनामगावात, घोडनदीच्या काठी. डेक्कन कॉलेजनं तिथे १९६८ ते १९८३ या काळात खणलं, सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी, आणि शंभरावर घरं उघडी केली. इतकं सविस्तर उत्खनन झालेलं शेतकऱ्यांचं गाव भारतात क्वचितच असेल. तिथे वस्ती इ.स.पू. १६०० ला सुरू होऊन ७०० पर्यंत टिकली. आधीच्या जोर्वे काळात मोठी चौकोनी घरं, मधोमध पाच खोल्यांचं एक घर आणि त्याला लागून धान्याचं कोठार, म्हणजे गावच्या मुख्याचं असणार, कारागिरांची घरं गावाच्या पश्चिम कडेला, नदीच्या पुराला अडवणारा बांध आणि पाणी खेळवायला पाट, मुख्य पीक सातू. मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखालची पावलं तोडायचे, बहुतेक मेलेल्यानं घर सोडून जाऊ नये म्हणून. आणि मग साधारण १००० नंतर त्याच गावात चौकोनी घरांच्या जागी छोट्या गोल झोपड्या येतात, भांडी साधी होतात, शिकारीच्या जनावरांची हाडं वाढतात. ढवळीकरांनी याचं कारण पाऊस कमी झाला असं दिलं. पुढे काही अभ्यासकांनी त्यावर शंका घेतल्यात की सगळा भार एकट्या पावसावर टाकू नका, जमिनीचा कस आणि जंगलतोडही धरा, आणि मला ते पटतं. पण गावाची ओढाताण झाली होती यात शंका नाही, ती घरांच्या आकारातच दिसते.

प्रवरेवर खाली नेवाशाला गेलात तर लाडमोड टेकडी आहे, सांकलियांनी १९५४ पासून खणलेली. दायमाबादला वस्ती जिथे संपते तिथे नेवाशात एक मोठा खंड दिसतो, ताम्रपाषाणयुगाच्या थरावर काही शतकं कुणीच नाही, मग सातवाहन काळ, रोमशी व्यापाराच्या खुणा, मग खूप नंतर मुसलमानी-मराठा काळाचे थर. नेवासं म्हटलं की आपल्याला शके १२१२ आणि ज्ञानेश्वर महाराज आठवतात, पण त्याच गावच्या नदीकाठात त्याआधीची कितीतरी हजार वर्षं दडलीत, गाळात तर अश्मयुगीन हत्यारंसुद्धा. असा खंड दिसणं हीसुद्धा माहितीच असते. सलग वस्ती असते तिथे थर एकमेकांत विरघळल्यासारखे दिसतात, खंड असतो तिथे ऊन-पावसानं झिजलेला, निर्जीव मातीचा पट्टा मध्ये पसरलेला असतो. जेसीबीच्या बादलीला या पट्ट्याची जाणीवही होत नाही.

तर आता पांढरीची माती. ती शेताला चांगली असते हे खरंच आहे, मी कुणाला खोटं पाडत नाही. राख, हाडं, शेण कुजून तयार झालेली माती, पिकाला फॉस्फरस, नत्र मिळतं, आणि पूर्वीपासून धाब्याच्या घरांवर टाकायला हीच पांढरी माती वापरत आलेत कारण ती पाणी धरत नाही. पूर्वी बैलगाडीनं चार पाट्या जायच्या, टेकाडाला कुठेतरी एक बोळ पडायचा, बाकीचं शिल्लक राहायचं. आता एका दिवसात पन्नास ट्रॉल्या भरतात आणि अख्खं टेकाड एका उन्हाळ्यात सपाट होतं. तुमचा युक्तिवाद असा आहे की मातीतून मूर्ती किंवा नाणं निघालं तर आम्ही ते जपून ठेवतो, मग नुकसान काय. नुकसान हेच की निघालेल्या वस्तू त्या ब्राँझच्या रथासारख्या होतात, आहेत पण कधीच्या ते सांगता येत नाही, आणि तो रथ इतका अद्वितीय म्हणून त्याच्यावर अजून वाद तरी होतो, साध्या मण्याला कोण विचारणार. शिवाय जे खरं सांगणार होतं, सारवणाची पुटं, चुलीची राख, जळके दाणे, ते तुम्हाला दिसतही नाही, ते खत म्हणून कपाशीत जातं.

शेतकऱ्याला नुसतं नको म्हणून चालत नाही, माती कुठून आणायची तेही सांगायला पाहिजे. राज्यात २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आहे, तलाव-बंधाऱ्यांतला गाळ शेतात न्यायची, जवळच्या तलावाचा गाळ त्यात बसतो का ते ग्रामपंचायतीत विचारा. बऱ्याच ठिकाणी तो पांढरीच्या मातीपेक्षा सरसच पडतो.

कायद्याचंही थोडक्यात: साइट केंद्र सरकारनं संरक्षित म्हणून जाहीर केलेली असेल तर प्राचीन स्मारकांचा १९५८ चा कायदा लागू होतो आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे, त्यापुढे २०० मीटर परवानगी लागते. पण बहुतेक पांढरी अशा जाहीर झालेल्या नाहीत, त्यामुळे कायद्यावर विसंबून राहू नका. मातीत पुरलेलं मौल्यवान काही सापडलं, दहा रुपयांच्या वरचं, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. यात घाबरण्यासारखं काही नाही, लपवलं तर गुन्हा आहे.

तुमच्या टेकाडाचं वय तुम्हाला स्वतःलाही अंदाजानं ठरवता येईल. पृष्ठभागावरची खापरं न उचलता बघा. लालसर-नारिंगी, पातळ, चमक नसलेली, त्यावर काळ्या रेषांची भौमितिक नक्षी, आणि टिचकी मारली तर खणखणीत वाजणारी असली तर जोर्वे. सोबत गारगोटीची बोटभर लांबीची धारदार पाती मिळतील. तोटीच्या भांड्याची नुसती तोटी मिळाली तरी पुरे. काळी-तांबडी चकचकीत खापरं, मोठ्या भाजक्या विटा, फिरत्या जात्याच्या दगडी तळ्या दिसल्या तर सातवाहन किंवा त्याच्या आगेमागे, कारण ताम्रपाषाणयुगात फिरतं जातं नव्हतं, पाटा-वरवंटाच होता. काचेच्या बांगड्यांचे तुकडे आणि झिलईदार रंगीत खापरं भरपूर असतील तर वरचा थर मध्ययुगातला. तिन्ही एकाच टेकाडावर दिसले तर कृपा करून ट्रॅक्टर आजच थांबवा, तशी जागा फार थोड्या गावांच्या वाट्याला येते.

आणि जिथे आधीच जेसीबीनं कापलंय ती उभी कड वाया गेलेली नाही, तिचा अजून उपयोग आहे. तिला हात लावू नका, मडकं अर्धं बाहेर डोकावत असलं तरी ओढू नका, विशेषतः दोन मडकी तोंडाला तोंड लावलेली दिसली तर. सकाळच्या तिरप्या उन्हात समोरून फोटो काढा, मोजायला शेजारी टेप नाहीतर फूटपट्टी धरा, पूर्ण कड येईल असा एक आणि जवळून काही, गट नंबर आणि नदीचा काठ डावा की उजवा ते लिहून ठेवा. हे सगळं राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या जवळच्या कार्यालयाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला पाठवा. जाणार असाल तर पाऊस उघडल्यावर लगेच जा, गवत वाढायच्या आत, तेव्हा कड धुऊन निघालेली असते आणि राखेचे पट्टे साध्या डोळ्यांनी वेगळे दिसतात.